चितऱ्या थांबला होता

अकोट गाव सातपुड्याच्या बाजूनं जिथं संपतं, तिथून माळी लोकांचे मळे सुरू होतात. त्यातल्या एका मळ्यात सत्यभामा मोट हाकायची. सन चौतीस-पस्तीसच्या वऱ्हाडात बाईनं वांगी लावावीत, फुलं तोडावीत, बाजारात पाटी घेऊन बसावं, यात कोणाला काही वाटत नसे. पण मोट हाकायची ती पुरुषानं. त्यामुळे पहिल्या वर्षी माणसं वाट वाकडी करून तिला पाहायला यायची. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभी राहायची, एकमेकांकडे बघायची आणि निघून जायची. ती त्यांच्याकडे बघत नसे. तिचं लक्ष बैलांच्या मागच्या पायांकडे असे.

मोटेचं काम लांबून सोपं दिसतं. विहिरीपासून खाली उतरत गेलेली एक धाव असते. बैल धावेनं खाली गेले की दोर ताणला जातो, चामड्याची भरलेली मोट वर येते आणि दगडी थारोळ्यात पाणी ओतते. तिथून पाटानं ते वाफ्यांत जातं. पण मोट रिकामी झाली की बैलांना तीच धाव उलट्या पावलांनी चढून मागे यावं लागतं, तेव्हा मोट पुन्हा पाण्यात उतरते. कस लागतो तो इथं. बैलाला मागचं दिसत नाही. तो हाकणाऱ्याच्या भरवशावर मागे पाय टाकतो.

सत्यभामेचा नवरा गोवर्धन आठ वर्षांपूर्वी तापानं गेला. तेव्हा ती पस्तीस-छत्तीसची होती, मुलगी शकुन लहान होती. मळा दोघा भावांचा, अर्धा अर्धा. विहीर एकच. सकाळचं पाणी गोवर्धनचं, दुपारनंतरचं धाकट्या शालिकरामचं. गोवर्धनचे दिवस झाल्यावर शालिकराम तिला म्हणाला, "वहिनी, तुमच्या वाट्याची मोटबी मीच हाकतो. तुमी हाकसान तं लोक मले नावं ठेवतीन."

ती म्हणाली, "तुमी दिवसभर मोट हाकसान तं तुमचे वांगे कोन पाहीन?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं लुगडं खोचलं आणि बैल जुंपले. पहिले काही दिवस तिचे हात सोलवटले, एकदा दोर निसटून मोट विहिरीत पडली. मग जमलं. मोट हाकणारे गडी गातात, ती गात नसे. तिच्या हातात काठी नसे की आसूड नसे. मुरल्या आणि चितऱ्या, दोन बैल. मुरल्या पांढरा आणि आळशी, चितऱ्याच्या अंगावर तांबडे ठिपके. "हां, मांगं, मांगं," एवढंच ती हळू आवाजात म्हणायची आणि जुवावर हात ठेवून त्यांच्या बरोबरीनं चालायची. आठ वर्षांत तिनं बैलाला कधी मारलं नाही. शेजारच्या शेताचा मालक खुशालराव मोठा शेतकरी, दारात चार बैलजोड्या. तोसुद्धा आपल्या गड्यांना सांगायचा, "जा, त्या बाईची मोट पाहून या."

मुलगी मोठी झाली, तिचं लग्न दर्यापूरला झालं. सत्यभामा मळ्यातल्या झोपडीत एकटी राहिली, पण एकटेपणाचं तिनं कधी बोलून दाखवलं नाही. सकाळी मोट, दुपारी फुलं, एक दिवसाआड बाजार. शेजारीच शालिकराम आणि त्याची बायको माणिकबाई होती. जावा-जावांचं भांडण व्हायचं, पण ते सांबार, म्हणजे कोथिंबीर, कोणी खुडला आणि पाट कोणी फोडला, इतकंच. संध्याकाळी एकीच्या चुलीवरची भाजी दुसरीच्या ताटात असायची.

त्या वर्षी माघात तिच्या मावसभावाच्या, चंद्रभानच्या मुलीचं लग्न अकोल्याला होतं. चंद्रभान अकोल्याच्या कॅम्पात एका इंजिनियर साहेबाच्या बंगल्यावर माळीकाम करायचा. सत्यभामा लग्नाला गेली. हळदीच्या वेळी ती आपणहून मागं जाऊन बसली. विधवा बाईला कोणी तसं सांगावं लागत नसे. चंद्रभाननं ते पाहिलं. लग्न लागल्यावर दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "बाई, चाल, तुले माहे गुलाब दाखवतो."

बंगल्याच्या मागं गुलाबाचे ताटवे होते. सत्यभामा वाकून माती बघत होती, खत कोणतं घातलं विचारत होती. व्हरांड्याच्या कडेला एक लाकडी खोकं होतं, त्यात साहेबाच्या कुत्रीची पिल्लं होती. साहेबाची बदली जबलपूरला झाली होती, सामान बांधणं चाललं होतं. एक पिल्लू खोक्यातून कसंबसं बाहेर पडलं, डुगडुगत आलं आणि सत्यभामेच्या पावलावर पोट टेकून झोपलं. तांबूस अंग, काळं तोंड, कान अंगापेक्षा मोठे. ती बोलता बोलता थांबली. पाय हलवायचा की नाही ते तिला कळेना.

"उचल न," चंद्रभान म्हणाला.

"झोपलं आहे थे."

ती तशीच उभी राहिली. चंद्रभान तेवढ्यात दोन ताटव्यांना पाणी घालून आला, तरी ती तिथंच होती.

"कोनी नेनार हाय का हे?" तिनं विचारलं.

"मेमसाहेब इकते. फुकट नाई देत. म्हनते, फुकट नेलेलं पिल्लू लोक दुसऱ्या दिवशी सोडून देतात."

सत्यभामेनं कनवटीची गाठ सोडली. किंमत किती दिली ते तिनं पुढं कधीच कोणाला सांगितलं नाही, आणि चंद्रभाननंही सांगितलं नाही. अकोटला परतताना सर्व्हिस मोटारीत ते तिच्या पदरात होतं. रस्त्यात त्यानं तिचं लुगडं ओलं केलं. बाजूची बाई तोंड वाकडं करून सरकून बसली, तेव्हा सत्यभामा तिला म्हणाली, "लहान आहे," आणि खिडकीबाहेर बघू लागली.

घरी माणिकबाई पहिल्यांदा हसली, मग तिला खरंच नवल वाटलं. "बाई, कुत्रं कोनी इकत आनते काय? गावात का कुत्रे कमी आहेत?"

"कमी नाईत."

"मंग?"

"मले हेच पायजे होतं."

दोन दिवसांत ही गोष्ट माळीपुराभर झाली. साहेबाच्या बंगल्यातून आलेलं म्हणून लोक त्या पिल्लाला 'सायेब' म्हणू लागले. धुऱ्यावरून जाणारा विचारायचा, "काय, सायेब उठले का?" सत्यभामा त्याला लहान्या म्हणायची. आठ वर्षांपूर्वी लोक मोट पाहायला आले होते तेव्हा ती कोणाशी बोलली नव्हती. आता ती थांबून उत्तर द्यायची. उठला, दूध प्याला, आता पाटात पाय घालून बसला आहे.

लहान्या तिच्याकडे अकरा दिवस राहिला.

तो पहिल्या दिवशी थारोळ्यात पाणी पडण्याच्या आवाजाला घाबरला आणि चुलीमागं जाऊन बसला. तिसऱ्या दिवशी तोच थारोळ्याच्या काठाशी उभा राहून अंगावर उडणाऱ्या थेंबांना चावू लागला. झेंडूच्या फुलावर भुंकायचा. चप्पल नव्हती म्हणून सत्यभामेच्या लुगड्याचा काठ कुरतडायचा. दुपारी बैल सोडले की चितऱ्या गोठ्यात बसायचा आणि लहान्या जाऊन त्याच्या पोटाला टेकून झोपायचा. एवढं मोठं जनावर, पण पिल्लू उठेपर्यंत अंग हलवायचं नाही. माशी बसली तरी शेपटी जपून मारायचा. एकदा शालिकराम मळ्यात आला तेव्हा त्याला वहिनीच्या झोपडीतून हसण्याचा आवाज आला. कोणी पाहुणे आले असतील असं समजून तो बाहेरच थांबला. आत तिच्याशिवाय कोणी नव्हतं.

मोट चालू असताना मात्र सत्यभामा कडक होती. आधी पिल्लू, मग बैल. बांबूचं मोठं डालं होतं, कोंबड्या झाकायचं. लहान्याला त्याखाली घालायचं, वर दगड ठेवायचा, आणि मगच बैल जुंपायचे. तो आतून रडायचा, काड्यांमधून नाक बाहेर काढायचा. ती म्हणायची, "होऊ दे. पानी झालं की काढतो." दहा दिवस असंच झालं.

अकराव्या दिवशी सकाळी ऊन जरा तापलं होतं. रोजच्या जागी सावली राहणार नाही असं वाटून तिनं डालं चार हात अलीकडे, लिंबाच्या झाडाखाली ठेवलं. त्या झाडाला तिनं आदल्या दिवशी पाणी दिलं होतं. माती लोण्यासारखी मऊ झाली होती. ही गोष्ट तिच्या ध्यानात आली ती नंतर. लहान्याला आत घातलं, दगड ठेवला, बैल जुंपले.

वांग्याचे वाफे भिजून झाले होते, झेंडूला पाणी चाललं होतं. मोट रिकामी झाली. सत्यभामेनं जुवावर हात ठेवला. "हां, मांगं, मांगं." बैल पाऊल पाऊल मागं सरकू लागले. धावेच्या मध्यावर चितऱ्या थांबला. त्यानं डावा मागचा पाय टेकवता टेकवता अर्धवट उचलून तसाच धरला होता. त्याचं अंग ताठ झालं होतं. मुरल्या मागं ओढत होता, हा हलत नव्हता.

चितऱ्या असा कधी थांबत नसे. तिला वाटलं, पायाखाली ढेकूळ आलं असेल. कदाचित काहीच वाटलं नसेल, झेंडूचे दोन वाफे राहिले होते एवढंच डोक्यात असेल. तिनं हाताच्या मुठीनं चितऱ्याच्या खांद्यावर ठोकलं.

"चाल न रे."

चितऱ्यानं पाय टेकवला.

आवाज झाला नाही. झाला असला तरी मोटेच्या चाकाच्या करकरीत तो ऐकू आला नाही. बैल वरपर्यंत आले, मोट विहिरीत उतरली, बुडून भरली. सत्यभामा वळली आणि तिला धावेवर तांबूस काहीतरी दिसलं. फाटक्या पोत्याचा तुकडा असावा असं तिला वाटलं. मग तिला त्याचे कान दिसले.

पुढं तिनं जे केलं ते तिला स्वतःलाही नंतर समजलं नाही. तिनं ती भरलेली मोट ओढली. बैलांना एका बाजूनं, पिल्लाला वळसा घालून धावेच्या खाली नेलं. मोट थारोळ्यात ओतली गेली. पाणी पाटानं झेंडूला गेलं. मग ती बैलांना तिथंच उभं करून वर चालत आली आणि धावेवर बसली.

डाल्यावर दगड तसाच होता. डालं हललंही नव्हतं. एका बाजूला काड्यांच्या खालून मऊ माती उकरलेली होती, पिल्लाचं अंग निघेल एवढीच.

दुपारी शालिकराम आपल्या पाळीला आला. धावेच्या खालच्या टोकाला बैल जुंपलेले उभे होते. पाट कोरडा पडला होता. सत्यभामा धावेच्या मधोमध बसली होती आणि तिच्या मांडीवर पदरात काहीतरी गुंडाळलेलं होतं.

"वहिनी, बैल कावून उभे आहेत?"

तिनं वर पाहिलं. "चितऱ्या थांबला होता," ती म्हणाली.

"काय झालं?"

"थो थांबला होता, भाऊजी. मी चाल म्हनलं."

शालिकरामनं पदर जरासा बाजूला केला आणि पुन्हा झाकला. त्यानं आधी बैल सोडले, त्यांना पाणी दाखवलं, गोठ्यात बांधलं. मग तो तिच्याजवळ येऊन उकिडवा बसला.

"द्या माह्यापाशी. मी पुरतो."

"गरम आहे अजून."

"उन्हानं आहे थे, वहिनी."

"थांबा जरा."

तो थांबला. त्याच्या वाट्याचं पाणी त्या दिवशी झालंच नाही. माणिकबाई भाकरी घेऊन आली, तिला शालिकरामनं खुणेनंच गप्प केलं. तीही बाजूला बसली. सावली धावेवर आली तेव्हा सत्यभामा आपणहून उठली, पदर सोडला आणि पिल्लू शालिकरामच्या हातात दिलं. "खोल खांदा," म्हणाली. "कोल्हे उकरतात." शालिकरामनं कमरेइतका खड्डा केला. तिनं माती लोटली नाही, तिथं उभीही राहिली नाही. ती गोठ्यात गेली, पाण्याची बादली घेतली आणि चितऱ्याचा डावा पाय धुऊ लागली.

त्या दिवशी ती रडली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. माणिकबाईला धीर आला, की बाईनं मनाला लावून घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी दोघी बाजारासाठी हार ओवायला बसल्या. माणिकबाईचे दोन हार झाले. सत्यभामेचे हात भराभर चालले होते, सुई फुलात जात होती, येत होती, पण हार काही लांबत नव्हता. माणिकबाईनं खाली पाहिलं. दोऱ्याच्या टोकाला गाठच नव्हती. या बाजूनं ओवलेलं फूल त्या बाजूनं गळून मांडीशेजारी पडत होतं, तिथं झेंडूचा ढीग झाला होता. सत्यभामा ओवतच होती.

"बाई," माणिकबाई हळूच म्हणाली, "गाठ नाई मारली तुमी."

सत्यभामेनं दोरा वर धरून पाहिला. "हो," म्हणाली. मग गाठ मारली आणि तीच फुलं पुन्हा ओवायला घेतली.

सकाळी ती उठायची, लहान्याच्या करवंटीत दूध ओतायची आणि करवंटी हातात घेऊन दारात उभी राहायची. मग ते दूध पुन्हा भांड्यात. चितऱ्याचा पाय ती रोज धुवायची. बैलावर तिचा राग नव्हता. त्याला आधीसारखीच वैरण घालायची, गळ्याखाली खाजवायची. पण मोटेकडे गेली की धावेच्या वरच्या टोकाला पाय अडायचे. बैल जुंपून व्हायचे, दोर बांधून व्हायचा, आणि जुवावर ठेवायला हात वर जायचा नाही. ती हाताकडे बघत राहायची. शेवटी शालिकराम यायचा आणि बैल ताब्यात घ्यायचा. सकाळी वहिनीची मोट आणि दुपारी स्वतःची. आठ वर्षांपूर्वी त्यानं म्हटलं होतं तेच आता तो करत होता आणि त्याची वांगी खरंच किडीनं खाल्ली.

गावात बोललं गेलं. कुत्र्याच्या पिल्लासाठी एवढं? खुशालराव मात्र स्वतः मळ्यात आला. धुऱ्यावरच उभा राहून म्हणाला, "सत्यभामाबाई, माह्या शेतातली कुत्री व्याली आहे. चार पिल्लं आहेत. जे आवडीन थे घेऊन जा. पैसे-गिसे काही नाई."

"तुमचे पिल्लं चांगलेच असतीन," ती म्हणाली. "थ्यायले त्यायच्या मायपाशी राहू द्या."

खुशालराव जायला वळला. मग म्हणाला, "माह्या गाडीखाली एक वासरू गेलं होतं. माहंच. लय वर्षं झाले." आणि निघून गेला. दोन दिवसांनी तो कापसाच्या कामाला दर्यापूरला गेला तेव्हा त्यानं शकुनच्या सासरी निरोप दिला, की आईला भेटून ये.

शकुन आली. दर्यापूरकडचं पाणी खारं. माहेरी आली की घरात जायच्या आधी थारोळ्याशी वाकून ओंजळीनं पोटभर पाणी प्यायची, अशी तिची सवय. या वेळी ती सरळ आईकडे गेली. आई वाफ्यात निंदत होती. लेकीकडे बघून म्हणाली, "आली? कोनासंगं आली?" आणि पुन्हा निंदू लागली. शकुन तिच्या शेजारी बसून निंदायला लागली. एक वाफा झाला, दुसरा झाला. शकुनला निरोप देताना खुशालरावानं आणि मळ्याच्या वाटेवर काकूनं सगळं सांगितलं होतं. तिनं आपल्या मनाशी काही ठरवलं होतं.

"माय," ती म्हणाली, "मले समजते. हे पिलासाठी नाई. तू बावाजीसाठी रडून राहिली आतून. थे गेले तवा तुले रडाले वेळच नाई भेटला. मी लहान, मळा उघडा."

सत्यभामेनं खुरपं खाली ठेवलं. एवढ्या दिवसांत ती पहिल्यांदा कोणाच्या तोंडाकडे नीट बघत होती.

"नाई व," ती म्हणाली. "तुह्या बापासाठी मी रडली होती. तुले नाई मालूम. थारोळ्याच्या पान्यात तोंड घालून रडायची, आवाज नको म्हनून. वर्षभर. थे त्यायचं होतं, त्यायले देऊन झालं. हे थ्या पिलाचं आहे. त्याचं त्याले असू दे. त्याच्या वाट्याचंबी तू तुह्या बापाले देऊन राहिली."

शकुननंही खुरपं खाली ठेवलं.

"अकरा दिवस होतं माह्यापाशी," सत्यभामा म्हणाली. "मी त्याले इकत आनलं. तिथंच राहतं तं जबलपूरले गेलं असतं, मोटारीत बसून. मी पावलावर आलेलं उचललं अन् पायाखाली घातलं. अन् चितऱ्या थांबला होता, शकुन. त्याले समजलं. जनावराले समजलं. थो पाय उचलून उभा होता अन् मी त्याले मारलं. आठ वर्षात नाई मारलं, तवाच मारलं. मले दोन वाफे भिजवाचे होते."

ती रडली ती तेव्हा. तोंडात पदर घातला नाही, पाण्याचा आडोसा शोधला नाही. माणिकबाई पलीकडच्या वाफ्यातून उठून आली, शालिकरामनं धावेवर मोट थांबवली. खुशालरावाच्या शेतातल्या गड्यांनीही ऐकलं. शकुननं आईला थोपटलं नाही, ती फक्त तिच्याजवळ सरकून बसली. पाटातलं पाणी एका वाफ्यातून फुटून वाटेवर आलं, ते कोणी अडवलं नाही.

शकुन चार दिवस राहिली. तिसऱ्या सकाळी ती म्हणाली, "माय, तू बैल धर. मी मांगं उभी राहतो, धाव पाहतो. काई आलं तं मी सांगतो."

सत्यभामेनं बैल जुंपले. शकुन धावेच्या कडेला उभी राहिली. मोट भरली, वर आली, ओतली गेली. आता मागं. सत्यभामेचा हात जुवाजवळ जाऊन थांबला. शकुन म्हणाली, "मोकळं आहे, माय." हात जुवावर टेकला. बैल मागं सरकले. दर पावलाला शकुन म्हणत होती, मोकळं आहे, मोकळं आहे. त्या सकाळी तिनं सहाच मोटा काढल्या, पुढचं शालिकरामनं केलं.

शकुन सासरी गेल्यावर शालिकरामनं धावेच्या दोन्ही बाजूंनी बोराटीच्या काट्यांचं कुंपण घातलं. ससाही शिरणार नाही असं दाट. त्यानं वहिनीला बोलावून दाखवलं. "आता इथून काईच येत नाई."

"चांगलं केलं, भाऊजी," ती म्हणाली.

पण कुंपण झालं तरी ती मागं बघायचीच. जुवावर हात ठेवायच्या आधी ती धावेच्या शेवटापर्यंत चालत जायची, दोन्ही बैलांच्या पायांमागं वाकून पाहायची, परत यायची आणि मग म्हणायची, "हां, मांगं." दर खेपेला. मध्येच बैल थांबला, माशीनं थांबो की उगाच, की तीही थांबायची. पुन्हा मागं जाऊन पाहायची. तो आपणहून हलेपर्यंत उभी राहायची. 'चाल' हा शब्द तिच्या तोंडून पुन्हा कोणी ऐकला नाही. खुशालरावाच्या नव्या गड्यांना हे पाहून हसू यायचं. जुने गडी त्यांना गप्प करायचे.

अर्थात पूर्वीइतकं पाणी निघेना. एका सकाळी आधी जितक्या मोटा व्हायच्या त्याच्या निम्म्या होऊ लागल्या. ऊन चढलं की बैलांना सोडावं लागायचं, आणि कडेचे वाफे कोरडे राहायचे. माणिकबाईला ते दिसत होतं. ती म्हणाली, "बाई, ह्यायले सांगतो थोडं तुमचंबी भिजवाले."

"नाई. त्यायचे वांगे गेले एकदा माह्यापायी."

चैत्रात नवीन लावणी झाली. शालिकराम तिच्या बाजूला आला तर पाटाच्या टोकाचे चार वाफे तसेच पडलेले होते. ना रोप, ना बी. वखरून ठेवलेली काळी माती, बस.

"हे कावून खाली ठेवले, वहिनी?"

"जेवढं पानी निंगते तेवढंच लावलं," ती म्हणाली.

मग त्यानं विचारलं की झेंडूचं बी उरलं असेल तर त्याला आपल्या वाफ्यांत टाकायला हवं आहे. तिनं पुरचुंडी आणून दिली. त्या वर्षी अकोटच्या बाजारात सत्यभामेची पाटी इतरांपेक्षा लहान असायची आणि यायलाही उशीर व्हायचा. तिची वांगी कोवळी असतात हे ठाऊक असलेली काही गिऱ्हाइकं पिशवी हातात धरून तिची वाट बघत थांबायची.